जेलमधल्या माणसाची तक्रार: आधी दार ओळखा, मग अर्ज लिहा

जेलच्या मुलाखतीच्या खिडकीबाहेर जी रांग असते ना, तिथे बसून मी बरीच वर्षं लोकांचे अर्ज लिहून दिलेत. मी वकील नाही, विधी सेवा प्राधिकरणाचा (फुकट वकील देणारी सरकारी यंत्रणा) पीएलव्ही म्हणजे पॅरा लीगल व्हॉलंटिअर, त्यामुळे इथे जे लिहितोय ते वकिलाच्या ऐवजी नाही तर वकिलाकडे जायच्या आधी वाचायचं आहे. मागे एक मावशी आल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत जाडजूड फाईल, फाईलमधे अर्जांच्या झेरॉक्स. मुख्यमंत्री, राष्ट्रपती, गृहमंत्री, मानवाधिकार आयोग, पोलीस आयुक्त, एक अर्ज तर आमदारसाहेबांना. मजकूर सगळ्यात एकच, माझ्या मुलाला सोडा, त्याच्या पायाचं ऑपरेशन करा, ज्याने मारलं त्याला शिक्षा करा आणि नुकसानभरपाई द्या. सात महिने हे चाललं होतं. अर्ज गेला नव्हता तो फक्त एका ठिकाणी, ज्या कोर्टात पोराची केस चालू होती आणि जिथे तो दर चौदा दिवसांनी व्हीसीवर म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवर दिसत होता तिथे. मग वकिलाने त्याच कोर्टात एक पानी अर्ज टाकला, कोर्टाने जेलकडून मेडिकल रिपोर्ट मागवला आणि पुढच्या तारखेच्या आत पोरगा सरकारी दवाखान्यात होता.

म्हणजे तक्रार खोटी नव्हती, माऊलीची मेहनत पण कमी नव्हती, दार चुकलं होतं. आणि एका अर्जात चार मागण्या घातल्यामुळे ज्याच्या हातात तो जाईल तो म्हणणार की हे माझ्याकडे येत नाही, आणि ते तांत्रिकदृष्ट्या खरंच असतं.

तर सगळ्यात आधी स्वतःला एक प्रश्न विचारा. उद्या सकाळी नेमकं काय झालेलं हवंय? माणूस बाहेर आलेला हवाय, की आत आहे तोवर त्याला औषध, जेवण, मुलाखत, मारहाणीपासून संरक्षण हवंय, की झाल्या गोष्टीबद्दल कुणाला तरी शिक्षा आणि भरपाई हवीये? या तीन वेगळ्या वाटा आहेत, तिन्ही एकाच वेळी चालता येतात पण कागद मात्र वेगवेगळे लागतात. जामिनाच्या अर्जात मारहाणीची नुकसानभरपाई मागून मिळत नाही आणि मानवाधिकार आयोगाकडे जामीन मागून मिळत नाही, हे एवढं जरी डोक्यात बसलं तरी अर्धं काम होतं.

दुसरा प्रश्न, माणूस कच्चा आहे की पक्का. कच्चा कैदी म्हणजे केस अजून चालू आहे, सरकारी भाषेत न्यायाधीन बंदी, आणि पक्का म्हणजे शिक्षा लागलेली आहे. कच्च्याच्या डोक्यावर एक कोर्ट बसलेलं असतं, त्याच कोर्टाच्या वॉरंटवर तो आत आहे, त्यामुळे त्याच्या जवळपास प्रत्येक तक्रारीचं पहिलं दार तेच. पक्क्याचं तसं नाही, शिक्षा देणाऱ्या कोर्टाचं काम निकालाबरोबर संपलं, आता त्याच्यावर जेल खातं आणि काही बाबतीत गृह विभाग, आणि त्यांच्यावर थेट हायकोर्ट. कच्चा पण अजून पीसीआरमधे असेल, म्हणजे पोलीस कोठडीत, तर तक्रार पोलिसांविरुद्ध आहे, जेलविरुद्ध नाही, आणि ती एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी व्हायच्या आधी, मॅजिस्ट्रेटसमोर उभं असतानाच तोंडाने सांगितली पाहिजे. मॅजिस्ट्रेट विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का. नव्वद टक्के पोरं घाबरून नाही म्हणतात (नव्वद हा माझा अंदाज, मोजलेलं नाही) आणि मग ते 'नाही' रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या नोंदीत येतं आणि पुढे दोन वर्षं आडवं येतं.

आता पहिली वाट, बाहेर काढायची.

इथे लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज हेबिअस कॉर्पसबद्दल, म्हणजे बेकायदेशीर डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा असं मागणाऱ्या याचिकेबद्दल. कुणीतरी सांगतं की हायकोर्टात हेबिअस टाका, चोवीस तासात सुटेल. अहो तसं नसतं. मॅजिस्ट्रेटने रिमांडचा, म्हणजे कोठडीत ठेवायचा आदेश दिलाय तोवर ती कैद बेकायदेशीर म्हणता येत नाही, ठाण्याच्या सीडीआर (फोन कॉलच्या नोंदी) प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१८ साली हेच सांगितलं आणि हायकोर्टाने हेबिअसमधे दिलेला सुटकेचा आदेश रद्द केला. हेबिअस लागतं कुठे, तर माणूस उचललाय पण कुठल्या रेकॉर्डवरच नाही, किंवा चोवीस तासात कोर्टापुढे नेलंच नाही, किंवा शिक्षा संपली तरी सोडत नाहीत, किंवा एमपीडीएसारख्या कायद्याखाली, खटला न चालवता प्रतिबंध म्हणून स्थानबद्ध केलाय. बाकी साध्या अटकेत वाट जामिनाचीच, आधी ट्रायल कोर्ट म्हणजे जिथे केस चालू आहे ते, मग सेशन्स, मग हायकोर्ट.

जामिनात पण आधी दिवस मोजा. पहिल्या रिमांडचा दिवस धरून साठ दिवस, आणि गुन्हा फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं आणि वरच्या शिक्षेचा असेल तर नव्वद दिवस, एवढ्यात चार्जशीट आली नाही तर डिफॉल्ट जामीन हक्काने मिळतो, गुन्हा कितीही गंभीर असो. यूएपीए (दहशतवादविरोधी), एनडीपीएस (अमली पदार्थ) अशा कायद्यांत ही मुदत वाढू शकते ते वकिलाला विचारा. पण मेख अशी की हक्क मागावा लागतो. एकसष्टाव्या दिवशी अर्ज टाकला नाही आणि बासष्टाव्या दिवशी पोलिसांनी चार्जशीट टाकली की हक्क गेला. त्यामुळे कॅलेंडरवर गोल करून ठेवा आणि त्या दिवशी सकाळी वकिलाला फोन नाही, वकिलाच्या टेबलासमोर जाऊन बसा.

मग बरेच महिने आत असलेल्यांसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९. गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला असेल तर जामीन, आणि आयुष्यातला पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काळ पुरे. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना लागू नाही, आणि एकापेक्षा जास्त गुन्हे किंवा केसेस चालू असतील तरी अडतं, ही या कलमातली मोठी अडचण आहे आणि आत असलेल्या बऱ्याच गरीब पोरांवर दोन-तीन केसेस असतातच. पण जो बसतो त्याच्यासाठी अर्ज करायची जबाबदारी कायद्याने जेल अधीक्षकांवर टाकलीये, आणि नवीन कायदा १ जुलै २०२४ ला आला तरी त्याच्या आधीच्या केसेसनासुद्धा हा फायदा द्या असं सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२४ मधे सांगितलं. त्यामुळे आधी जेल अधीक्षकांना एक पत्र, सोबत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला एक, की अमुक तारखेला याचा एक तृतीयांश काळ पूर्ण झालाय, कृपया कोर्टात पाठवा. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली कच्च्या कैद्यांची एक आढावा समिती असते, तिच्या यादीत नाव घालायला सांगा. ही समिती लोकांना माहीतच नसते.

जामीन झालाय पण माणूस आतच, हे सगळ्यात जीवाला लागणारं प्रकरण. जामीनदार मिळत नाही, सॉल्व्हन्सी म्हणजे ऐपतीचा दाखला मिळत नाही, पंधरा हजार भरायला नाहीत. इथे वरच्या कोर्टात पळू नका. ज्या कोर्टाने जामीन दिला त्याच कोर्टात अट शिथिल करायचा अर्ज, कॅश बेल द्या किंवा रक्कम कमी करा. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मधे सांगून ठेवलंय की जामिनानंतर सात दिवसात माणूस सुटला नाही तर जेल अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अटींचा फेरविचार करू शकतं. शिवाय केंद्राची २०२३ ची गरीब कैद्यांची योजना आहे, तिच्यात कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी आणि पक्क्याच्या दंडासाठी मदत मिळू शकते (२०२३ मधे मर्यादा चाळीस आणि पंचवीस हजारांची होती), अर्ज जेल आणि प्राधिकरणामार्फत जातो. वेळ लागतो, पण मिळते.

एमपीडीएवाल्यांसाठी दोन ओळी वेगळ्या. तिथे जामीन मागू नका, कारण ती गुन्ह्यातली अटकच नाही, ती पोलीस आयुक्तांनी किंवा कलेक्टरांनी काढलेली स्थानबद्धता आहे, एक वर्षापर्यंतची. वाट म्हणजे आदेश देणाऱ्याला आणि सरकारला लेखी निवेदन, सल्लागार मंडळापुढे म्हणणं, आणि हायकोर्टात रिट, म्हणजे हक्क मोडल्याबद्दलची याचिका. निवेदन आधी टाकाच, कारण सरकारने त्याच्यावर निर्णय द्यायला विनाकारण उशीर लावला तर तो उशीरच पुढे रिटमधे तुमच्या कामाला येतो.

दुसरी वाट, आत कसं ठेवलंय त्याची. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात तक्रारी याच असतात म्हणून इथे जरा जास्त लिहितो.

आधी हे पक्कं समजून घ्या की आत गेला म्हणून माणसाचे सगळे हक्क गेले असं नसतं. याचं माझं आवडतं उदाहरण आपल्याच मुंबईचं आहे. साठच्या दशकात भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या जेलमधे ठेवलेल्या प्रभाकर सांझगिरींनी आत बसून अणूविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं, आणि ते हस्तलिखित छापायला बाहेर पाठवायला सरकारने नकार दिला. विषय विज्ञानाचा, त्यात राजकारण काही नाही. हायकोर्टाने पाठवू द्या सांगितलं, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९६५ साली तिथेही हरलं, कारण स्थानबद्धतेच्या नियमांत लिहायला-पाठवायला बंदी कुठेच नव्हती. म्हणजे प्रश्न असा विचारायचा की कुठल्या नियमाने अडवताय? नियम दाखवा. अर्जात हे वाक्य असलंच पाहिजे.

आणि हेबिअस कॉर्पस फक्त सुटकेसाठी असतं हेही अर्धवट खरं आहे. तिहारमधून सुनील बात्रा नावाच्या कैद्याने सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तींना पत्र लिहिलं, स्वतःबद्दल नाही तर दुसऱ्या कैद्याला वॉर्डरने केलेल्या छळाबद्दल, आणि कोर्टाने १९७९ साली ते पत्रच याचिका म्हणून घेतलं आणि सांगितलं की कैदेतल्या अमानुष वागणुकीविरुद्धही ही रिट चालते. म्हणून आतून पोस्टकार्डावर लिहिलेलं पत्रसुद्धा कमी समजू नका. मुंबई हायकोर्टात आजही कैद्यांची पत्रं जेलमार्फत जातात आणि कोर्ट विधी सेवेतून वकील नेमतं.

पण रोजच्या तक्रारीला थेट हायकोर्ट नको. कच्चा असेल तर क्रम असा, जेल अधीक्षकांना लेखी अर्ज, पोच घ्या, आठवडाभरात काही नाही झालं तर तीच पोच जोडून ट्रायल कोर्टात अर्ज. चष्मा, औषध, पथ्याचं जेवण, गादी, बाहेरच्या दवाखान्यात तपासणी, पुस्तकं, परीक्षेला बसायची परवानगी, सेलमधे धोका आहे म्हणून बॅरेक बदल, हे सगळं ट्रायल कोर्ट ऐकतं. फार छोटी गोष्ट आहे म्हणून लाजू नका. तळोजा जेलमधे असताना एल्गार परिषद प्रकरणातले स्टॅन स्वामी यांना पार्किन्सनमुळे ग्लास धरता येत नव्हता, तर सिपर आणि स्ट्रॉसाठीसुद्धा २०२० मधे स्पेशल कोर्टात अर्ज करावा लागला होता. आणि २०२० च्याच डिसेंबरमधे त्याच जेलमधे त्याच प्रकरणातल्या गौतम नवलखांचा घरून पाठवलेला चष्मा परत केल्याची गोष्ट मुंबई हायकोर्टापुढे निघाली तेव्हा न्यायमूर्तींनी जेल अधिकाऱ्यांसाठी वर्कशॉप घ्यायला हवं असं बोलून दाखवलं.

आजारपणाच्या अर्जात मात्र एक चूक सगळे करतात. "प्रकृती गंभीर आहे, जामीन द्यावा" एवढंच. कोर्ट रिपोर्ट मागवतं, जेलचा डॉक्टर लिहितो प्रकृती स्थिर, अर्ज फेटाळला. त्यापेक्षा पायऱ्या पाडा. पहिल्या अर्जात फक्त एवढंच मागा की अमुक आजारासाठी अमुक सरकारी हॉस्पिटलच्या तज्ज्ञाकडून तपासून रिपोर्ट कोर्टात द्या, मुंबईत असाल तर जेजे, पुण्यात ससून. गार्ड नाही म्हणून नेलं नाही असं जेल म्हणत असेल तर ते लेखी येऊ द्या, कारण एस्कॉर्ट देणं पोलिसांचं काम आहे आणि मग कोर्ट पोलिसांना आदेश देऊ शकतं. रिपोर्ट आला, त्यात आजार दिसला आणि जेलमधे त्याचा इलाज होत नाही हे दिसलं की दुसरा अर्ज, मेडिकल बेलचा. त्याच प्रकरणातले कवी वरवरा राव यांच्या बाबतीत बायकोने हायकोर्टात रिट केली की यांना अशा अवस्थेत आत ठेवणं हाच जगण्याच्या हक्काचा भंग आहे, सोबत जामिनाची मागणी पण होती, आणि फेब्रुवारी २०२१ मधे हायकोर्टाने सहा महिन्यांचा मेडिकल बेल दिला. यूएपीएसारख्या कायद्यात जिथे साधा जामीन कलमानेच अडवलेला असतो तिथे ही घटनात्मक वाट उघडी राहते, खटला वर्षानुवर्षं सुरूच होत नाही म्हणून हायकोर्ट-सुप्रीम कोर्ट जामीन देऊ शकतात हे पण सुप्रीम कोर्टाने २०२१ मधे नजीब नावाच्या आरोपीच्या केसमधे मान्य केलंय. एनआयए म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या केसमधे मात्र जामीन नाकारला तर नवा जामीन अर्ज नाही, हायकोर्टात अपील असतं आणि त्याला तीस दिवसांची मुदत असते, हे विसरून लोक महिने घालवतात.

जेल बदली. कच्च्या कैद्याला रातोरात दुसऱ्या जेलमधे हलवलं, आता घरच्यांना सहाशे किलोमीटर. आर्थर रोडवरून बॉम्बस्फोट खटल्यातले आरोपी असेच वेगवेगळ्या जेलमधे पाठवले होते, ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०१२ मधे कोर्टाने सांगितलं की कच्च्या कैद्याच्या बदलीला कोर्टाची परवानगी लागते आणि ती परवानगी म्हणजे नुसता शिक्का मारणं नाही. तेव्हा आधी ट्रायल कोर्टाच्या फाईलमधे बघा परवानगी घेतलीये का. पक्क्याची बदली ही खात्याची बाब, तिथे आधी जेल मुख्यालयाकडे विनंती अर्ज, घर जवळच्या जेलसाठी, म्हातारी आई, आजारी बायको वगैरे कागद जोडून.

जातीवरून झाडू-संडासचं काम देत असतील, तर सुप्रीम कोर्टाचा ३ ऑक्टोबर २०२४ चा निकाल आहे, सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार, त्याची प्रत जोडूनच अर्ज द्या. एका पत्रकार बाईंच्या याचिकेवरचा निकाल आहे तो.

मारहाण झाली असेल तर घाई करा, कारण पुरावा वाळतो. वळ आठ दिवसात जातात, सीसीटीव्हीवर नवं रेकॉर्डिंग चढतं. त्याच दिवशी किंवा पुढच्या तारखेला कोर्टात सांगा, व्हीसीवर असेल तर व्हीसीवर, आणि वकिलाने एका अर्जात तीन गोष्टी मागायच्या, तक्रार नोंदवून घ्या, जेलच्या नाही तर सरकारी हॉस्पिटलच्या डॉक्टरकडून तपासणी करा, आणि अमुक तारखेचं अमुक वेळेचं फुटेज जपून ठेवायचा आदेश द्या. वेळ लिहाच, 'त्या दिवशीचं फुटेज' म्हटलं की शोधत नाहीत.

इथून तिसरी वाट सुरू होते, शिक्षा आणि भरपाई.

जेलच्या कर्मचाऱ्याने मारलं म्हणून गुन्हा होत नाही असं काही नाही. जेल ज्या पोलीस स्टेशनच्या हद्दीत येतं तिथे तक्रार द्या, नाही घेतली तर एसपी किंवा आयुक्तांना पोस्टाने, तरी नाही तर मॅजिस्ट्रेटकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली, जुन्या कायद्यातलं १५६(३). २०१७ साली भायखळा जेलमधे एका महिला कैद्याचा मृत्यू झाला तेव्हा जेलच्याच सहा जणींवर खुनाचा गुन्हा दाखल होऊन अटक झाली होती. कोठडीत मृत्यू झाला तर मॅजिस्ट्रेटची चौकशी कायद्यानेच होते आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला चोवीस तासात कळवावं लागतं, त्यामुळे घरच्यांनी पोस्टमॉर्टेमच्या आधी एकच लेखी मागणी करायची, व्हिडिओ शूटिंगसह पोस्टमॉर्टेम आणि रिपोर्टची प्रत. अंत्यविधी झाल्यावर मग फार थोडं हातात राहतं, हे लिहायला मला पण बरं वाटत नाही.

भरपाईसाठी दोन दारं, हायकोर्टातली रिट आणि मानवाधिकार आयोग. सुप्रीम कोर्टाने १९८३ मधे रुदुल साहला भरपाई दिली, निर्दोष सुटून चौदा वर्षं बिहारच्या जेलमधे होता तो, रक्कम पस्तीस हजार, तेवढ्यावर त्याच्या चौदा वर्षांचं काय झालं असेल कुणास ठाऊक, पण तिथून रिटमधे भरपाई मिळते हे ठरलं. आयोग फुकट आहे, वकील लागत नाही, साध्या कागदावर चालतं, जेलला नोटीस गेली की बऱ्याचदा आतल्या वागण्यात फरक पडतो. पण आयोग शिफारस करतो, हुकूम देत नाही. घटनेला एक वर्ष उलटलं की तक्रार घेत नाही, आणि राज्य आयोगाकडे चालू असलेली तक्रार राष्ट्रीय आयोग घेत नाही, त्यामुळे दोन्हीकडे टाकून दुप्पट जोर लागेल असं समजू नका, उलट दोन्ही अडकतात. तातडीचं काही हवं असेल तर आयोग नको, कोर्ट. झालेल्या गोष्टीची नोंद आणि पैसे हवे असतील, पैशाअभावी रिट परवडत नसेल, तर आयोग.

आता पक्क्यांचं. बापाचं वर्षश्राद्ध, बहिणीचं लग्न, घर पडलं, आणि फर्लो-पॅरोल अडकलेला. आधी दोन्हीतला फरक. फर्लो म्हणजे संचित रजा, तिला कारण लागत नाही, ठराविक शिक्षा भोगली की वर्षाची रजा, आणि तो काळ शिक्षेतच धरला जातो. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा, कारण आणि पुरावा लागतो, आणि तो काळ शिक्षेत धरत नाहीत. दोन्हीचे नियम मधे बरेच बदललेत म्हणून जेल ऑफिसमधून सध्याचा नियम बघूनच अर्ज भरा. पोलिसांचा अहवाल प्रतिकूल येतो, "फिर्यादीच्या जीवितास धोका", "फरार होण्याची शक्यता", छापील वाक्यं असतात ती. नकार आला की त्या नकाराची प्रत मागा, कारणांसकट, मग नियमात वरिष्ठांकडे अपील असेल तर ते, आणि मग हायकोर्टात क्रिमिनल रिट. फर्लो हा काही हक्क म्हणून मिळत नाही असं कोर्टं म्हणतात, त्यामुळे रिटमधे "माझा हक्क आहे" यापेक्षा "मागच्या दोन वेळा वेळेवर हजर झालो, तरी तेच कारण देऊन नाकारलं, हे मनमानी आहे" हे चालतं. आधीच्या हजेरीच्या तारखा लिहून ठेवा.

शिक्षेचा हिशोब चुकलाय, कच्चे दिवस वजा केले नाहीत, माफी म्हणजे शिक्षेतली सूट धरली नाही, दोन शिक्षा एकत्र चालायच्या तर एकापाठोपाठ धरल्या, असं असेल तर आधी जेलच्या ज्युडिशियल विभागाला लेखी हिशोब मागा. अर्ध्या वेळा तिथेच सुटतं. नाही तर हायकोर्ट.

जन्मठेपेवाल्याची मुदतपूर्व सुटका मात्र गृह विभागाची, आणि इथे दार चुकण्याचं देशातलं सगळ्यात मोठं उदाहरण बिल्कीस बानो प्रकरणाचं. गुन्हा गुजरातेत, कैदी गुजरातच्या जेलमधे, माफी गुजरात सरकारने दिली, पण खटला मुंबईत चालून शिक्षा इथे झाली होती. ८ जानेवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने माफी रद्द केली, कारण ठरवायचा अधिकार महाराष्ट्राचा होता, आणि सुटलेले अकरा जण परत आत गेले. तुमच्या माणसाची शिक्षा ज्या राज्यात झाली ते राज्य बघा, तो कुठल्या जेलमधे आहे ते नाही. आणि धोरण शिक्षा लागली त्या दिवशीचं धरायचं.

हायकोर्टाचं कुठलं दार हेही सांगतो. नागपूर-अमरावती जेल म्हणजे नागपूर खंडपीठ, हर्सूल म्हणजे संभाजीनगर, कळंबा म्हणजे १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच, येरवडा, नाशिक रोड, ठाणे, तळोजा, आर्थर रोड यांचं मुंबई, आणि गोव्यात कोलवाळ जेलवाल्यांनी पर्वरीला. अपील मात्र जिथे शिक्षा झाली तिथल्या खंडपीठाकडे जातं, जेल कुठलं का असेना. सेशन्सच्या शिक्षेवर हायकोर्टात अपीलाला साठ दिवस, निकालाची प्रत कैद्याला फुकट मिळते, आणि अपील जेलमार्फतसुद्धा टाकता येतं.

पैसे नाहीत म्हणून थांबू नका. कोठडीतल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२. हेल्पलाईन १५१००. वकील मिळाला पण भेटायलाच येत नाही ही तक्रार खूप ऐकतो, आणि काही वेळा खरी असते, तेव्हा वकिलाशी भांडायचं नाही, प्राधिकरणाच्या सचिवांना लिहायचं की बदलून द्या. बदलून देतात.

माहिती अडली असेल तर आरटीआय, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. एरवी तीस दिवस, पण माहिती माणसाच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल तर अठ्ठेचाळीस तास, फक्त अर्जाच्या वरच तसं ठळक लिहावं लागतं आणि का ते एका ओळीत सांगावं लागतं. आरटीआयने औषध मिळत नाही, औषध दिलं नाही याचा कागद मिळतो, तो रिटला जोडायचा.

अर्जात काय लिहायचं. कैद्याचं पूर्ण नाव, यूटी (कच्च्याचा) किंवा सी (पक्क्याचा) नंबर, बॅरेक, केस नंबर, कोर्ट, कलमं, पुढची तारीख. मग घटना तारखेसह, पाच ओळीत. मग मागणी, एकच. जेलवाल्यांना शिव्या नकोत, कुठल्या साहेबाने काय केलं ते नाव माहीत असेल तर लिहा, नसेल तर ड्युटीची वेळ लिहा, ड्युटी रजिस्टरवरून नाव निघतं. आतल्या माणसाला विचारल्याशिवाय मारहाणीची तक्रार टाकू नका, तो तिथेच झोपणार आहे रात्री, तुम्ही घरी. त्याला हवं असेल तर त्याच अर्जात दुसऱ्या बॅरेकची किंवा जेलची मागणी जोडा, एकाच मागणीच्या नियमाला मारहाणीचा अर्ज हा एवढा अपवाद.

आणि वकालतनामा, म्हणजे वकील नेमल्याचा कागद. त्याच्यावर कैद्याची सही जेलमधूनच येते, अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्यासह, यात चार-पाच दिवस सहज जातात, तारखेच्या आदल्या दिवशी धावपळ करणारे रोज दिसतात मला. तीन कोऱ्या प्रती एकदम सही करून घ्या, एक ट्रायल कोर्टाला, एक हायकोर्टाला, एक फाईलमधे राहू दे, आणि पोचेचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनवर ठेवा, कारण मावशींची ती प्लॅस्टिकची पिशवी एकदा लोकलमधे राहिली होती.